गळती चालेल, ग्रिल चालणार नाही

माणसाची पारख त्याच्या बाह्य रूपावरून करू नये, आतले गुण पाहावेत, असा सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर महिन्यातून एकदा तरी हमखास असे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कमिटीवर निवडून येणारी मंडळी नेमकी त्याच दिवशी शाळेत गैरहजर असावीत, असा मला दाट संशय आहे. कारण इमारतीची पारख ही मंडळी फक्त बाहेरूनच करतात. या बाहेरच्या रूपाला त्यांचा एक खास शब्द आहे : ‘एलेव्हेशन’. बी. कॉम.ची तीन वर्षं आणि बँकेतली वीस वर्षं एवढ्या प्रदीर्घ काळात हा शब्द माझ्या कानांवरून कधी गेला नव्हता. डोंबिवलीतल्या सध्याच्या सोसायटीत राहायला आलो आणि आठवड्यातून दोनदा तरी तो ऐकू लागलो.

एलेव्हेशन ही फार नाजूक प्रकृतीची वस्तू आहे. ते कशानंही बिघडतं. खिडकीला ग्रिल लावलं की बिघडतं. ग्रिल आधीपासून असेल आणि तुम्ही ते पांढरं रंगवलंत तरीही बिघडतं, कारण सोसायटीचा मान्य रंग ‘कॉफी ब्राउन’ आहे. गॅलरीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घातला की बिघडतं; पंचा वाळत घातला तर जास्त बिघडतं. कुंडी, डिश अँटेना, एसीचं बाहेरचं खोकं, जाळीचं दार, दारावरची पाटी, पाटीवरची अक्षरं, चपलांचं स्टँड, या सगळ्यांत एलेव्हेशन बिघडवण्याची विलक्षण ताकद असते. आकाशकंदिलाला दिवाळीपुरती माफी आहे. पण तुळशीचं लग्न लागून गेल्यावरही तो लटकत राहिला तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्याचा फोटो येतो. खाली मजकूर असतो, “संबंधितांनी नोंद घ्यावी.” संबंधित कोण, ते फोटोतल्या वाळत घातलेल्या बनियनवरून सगळ्यांना कळलेलंच असतं.

आणि एक गोष्ट अशी आहे, की जिच्यानं एलेव्हेशन कधीच, कधी म्हणजे कधीच, बिघडत नाही. ती म्हणजे गळती.

आमची इमारत १९८८ सालची. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, चोवीस बिऱ्हाडं. तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओलीनं जो नकाशा काढला आहे, त्यात निदान तीन खंड मला ओळखता येतात. गिलाव्याला पोपडे सुटले आहेत. पावसाळी पाइप दुसऱ्या मजल्यापाशी फुटला आहे आणि त्या फुटलेल्या जागी एक पिंपळ उगवला आहे. चांगला हातभर वाढला आहे. माझ्या गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीवर आजवर दोन नोटिसा निघाल्या. या पिंपळावर एकही नाही. वास्तविक त्यानं सोसायटीची ना हरकत घेतलेली नाही, अनामत भरलेली नाही, कामगारांचे पास काढलेले नाहीत, आणि दुपारी दोन ते चार या विश्रांतीच्या वेळातही भिंत फोडण्याचं काम तो बिनदिक्कत चालू ठेवतो. पण सेक्रेटरी म्हणाले, “अहो, पिंपळ तोडत नाहीत. शास्त्रात बसत नाही.” म्हणजे गुलाब उपविधीत बसत नाही आणि पिंपळ शास्त्रात. चोवीस बिऱ्हाडांचं भवितव्य या दोन ग्रंथांच्या मधोमध लोंबकळत आहे.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. सगळी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणते. बाईंच्या घरात तीन पावसाळे पाणी गळतं आहे. आधी एक पातेलं ठेवून भागत होतं, मग पातेल्याला बादली आली, आता टपापर्यंत प्रगती झाली आहे. गेल्या जुलैत त्यांच्या पलंगावर, अगदी उशीच्या जागी, परातीएवढा गिलाव्याचा तुकडा पडला. वर स्लॅबच्या गंजक्या सळया दिसू लागल्या. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या म्हणून हा मजकूर विनोदी लेखांत बसतो आहे. कमिटीनं या घटनेची तातडीनं दखल घेतली. बाईंना दुसऱ्याच दिवशी पत्र आलं : पडलेल्या गिलाव्याचा राडारोडा जिन्याच्या कोपऱ्यात ठेवल्यामुळे सामाईक जागेला बाधा पोहोचली आहे, तरी तो चोवीस तासांत हलवावा.

मी सेक्रेटरींना गाठलं.

“साहेब, बाईंच्या छताचं काय झालं?”

“पाहणी केली ना आम्ही! पण केस फार गुंतागुंतीची आहे. पाणी नक्की येतंय कुठून, तेच कळत नाही.”

“वरून येतंय.”

“ते तुम्ही म्हणता.”

“अहो, त्यांच्या वर गच्ची आहे आणि गच्चीच्या वर आकाश आहे!”

“तीच तर अडचण आहे. वर एखादा मेंबर असता तर त्याला नोटीस काढून मोकळे झालो असतो.”

“बरं, मग बाई म्हणतात तसा त्यांच्या खर्चानं बेडरूमच्या खिडकीवर पत्र्याचा छज्जा तरी टाकू द्या. निदान बाजूनं येणारं पाणी थांबेल.”

“पत्र्याचा?” सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली, की क्षणभर मला वाटलं, गिलावा यांच्याच अंगावर पडला. “अहो बँकवाले, रस्त्याच्या बाजूला पत्रा? एलेव्हेशनचं काय?”

आता मी पडलो बँकेतला माणूस. कागद पुढे आला की तो उलटसुलट वाचल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक मिळवलं. मिळवलं म्हणजे रीतसर अर्ज करून, पैसे भरून, पावती घेऊन मिळवलं. बहुतेक सोसायट्यांप्रमाणे आमच्याही सोसायटीनं सहकार खात्याचे २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत. रविवारी सकाळी मी ते वाचायला बसलो, तेव्हा आमची ही म्हणाली, “इतकं मन लावून तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा वाचली नव्हती.” पण सांगतो, वाचनीय पुस्तक आहे. त्यात एके ठिकाणी लिहिलं आहे, की सभासदानं कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय आपल्या गाळ्यात भर घालू नये, की फेरफार करू नयेत. हे वाक्य आमच्या सेक्रेटरींना रामरक्षेसारखं तोंडपाठ आहे. पण आणखी काही पानं पुढे गेलं, की कंपाउंडची भिंत, जिने, गच्ची, गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाक्या, बाहेरचे पाइप, ड्रेनेज, सगळ्या गाळ्यांच्या छतांची स्लॅबची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्यानं होणारी गळती, या सगळ्याचा खर्च सोसायटीनं करायचा आहे, असंही स्वच्छ लिहिलं आहे. घरातल्या मोरीची, संडासाची, सिंकची गळती मेंबरनं पाहायची, आकाशाची सोसायटीनं. त्याच पुस्तकात असंही आहे, की पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. आमच्या इमारतीची आजवर एकदाही झालेली नाही. कमिटीच्या कपाटातल्या प्रतीची एवढीच पानं ओलीनं एकमेकांना चिकटलेली असावीत.

म्हणजे बघा, एकाच पुस्तकात दोन तऱ्हेची कलमं आहेत. काही मेंबरनं काय करू नये ते सांगतात, काही सोसायटीनं काय करावं ते सांगतात. ‘करू नये’ची अंमलबजावणी फुकट होते. एक कागद, एक सही, नोटीस बोर्डाच्या चार टाचण्या. ‘करावे’ची अंमलबजावणी करायला पैसे लागतात. म्हणून जगातल्या यच्चयावत कमिट्या पहिल्या जातीच्या कलमांवर प्रेम करतात. उद्या बँकेनं ग्राहकांना “रांगेत बोलू नये, पेन पळवू नये, काउंटरवर रेलू नये” अशा पाट्या लावल्या आणि पैसे काढायला आलेल्याला “तेवढं सोडून बोला” म्हटलं, तर जो प्रकार होईल तोच हा.

पैशाचा विषय निघालाच आहे तर हिशेबच मांडतो. तेवढं एकच शास्त्र मला येतं. उपविधींप्रमाणे प्रत्येक मेंबरनं बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत भरायचा असतो. पण बांधकामखर्च कोणता? मूळचा. आमच्या दप्तरात तो गाळ्यामागे १,२०,००० रुपये लिहिला आहे. त्याचा पाव टक्का म्हणजे वर्षाला ३०० रुपये, महिन्याला २५. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ९००, महिन्याला ७५. एकूण महिन्याला १०० रुपये. या १०० रुपयांत आम्ही आमच्या डोक्यावरचं छप्पर, पायाखालचा पाया आणि मधल्या भिंती सांभाळतो. आमच्या घरात केबल आणि इंटरनेटला याच्या दहापट पैसे जातात. म्हणजे पडत्या इमारती टीव्हीवर बघायला आम्ही आमची इमारत न पडण्यापेक्षा दहापट खर्च करतो.

पुढे ऐका. चोवीस गाळ्यांचे महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये जमतात. आधी साठलेलं होतं ते प्रवेशद्वारावरच्या कमानीला आणि तिच्यावरच्या स्टीलच्या अक्षरांना गेलं. (एलेव्हेशन!) गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा गिलावा, पाइप आणि रंग यांचा कंत्राटदारानं दिलेला अंदाज १८ लाखांचा. मन मोठं करून दोन्ही निधी एकाच पिशवीत घातले, तरी भागाकार येतो साडेबासष्ट वर्षं. व्याज मी धरलेलं नाही. पण महागाईही धरलेली नाही, तेव्हा फिट्टंफाट. साडेबासष्ट वर्षांनी इमारत शंभरीच्या घरात असेल आणि बाईंच्या टपाला छिद्र पडलेलं असेल. ‘सिंकिंग फंड’ या नावाचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम कळला. बँकेत आम्ही ज्याला बुडीत खातं म्हणतो त्याच्याशी याचं काही नातं नसतं, असं परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. परीक्षकाची सोसायटी नवीन असावी.

तुम्ही म्हणाल, बँकवाले, तुम्हांला नियमच नकोत. छे छे! नियम हवेत, आणि कडक हवेत. फक्त ते कशासाठी केले, हे करणाऱ्यांना आठवत असावं. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. ती उभी करणारे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यापुढे प्रश्न होता, मुंबईत नोकरीला आलेल्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना परवडणारी, धड जागा कशी मिळेल? सहकाराची सुरुवात ही अशी, डोक्यावर छप्पर हवं इथून झाली. त्या छपराला कॉफी ब्राउन रंग हवा, हे आपण नंतर घातलेलं ठिगळ आहे.

आणि फेरफारांवर बंधन का हवं, ते घाटकोपरनं दाखवून दिलं आहे. जुलै २०१७ मध्ये तिथे एक चार मजली इमारत भर सकाळी कोसळली आणि सतरा माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावला, असा आरोप झाला आणि गुन्हा दाखल झाला. लक्षात घ्या, हे फेरफार आतले होते. बाहेरून, रस्त्यावरून, एलेव्हेशनवरून त्यांचा पत्ता लागण्यासारखा नव्हता.

आमच्याकडे काय होतं? तळमजल्यावरच्या एका हौशी सभासदांनी ‘ओपन किचन’ करायचं ठरवलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं सगळं उडवलं. आठ दिवस घण चालले होते. आमच्या कपाटातली कपबशी ताल धरत होती. चाळीसएक पोती राडारोडा निघाला. ते जे पाडलं ती नुसती विटांची भिंत होती, की तिच्यात एखादा भार घेणारा खांबही होता, हे विचारायला कमिटीतलं एक माणूस आत गेलं नाही. उपविधींप्रमाणे सेक्रेटरींना पूर्वसूचना देऊन गाळ्याची पाहणी करता येते. परवानगीबिरवानगीचा कागद होता का, कोणास ठाऊक! पण त्याच आठवड्यात त्यांना एक नोटीस मात्र गेली : राडारोड्याची पोती गेटसमोर ठेवल्यानं इमारतीच्या दर्शनी भागाला अशोभनीय स्वरूप येत आहे.

आता जरा कमिटीच्याही बाजूनं बोलायला हवं. सेक्रेटरी हे पद मानद आहे. मानद म्हणजे मान नाही आणि पैसाही नाही. पाण्याचा पंप बिघडला की रात्री अकराला त्यांचीच बेल वाजते. अशा माणसाला आयुष्यात थोडी सत्ता गाजवावीशी वाटली तर दोष कोणाला द्यायचा? पंप त्याचं ऐकत नाही, महापालिका ऐकत नाही, पाऊस तर नाहीच नाही. कुंडी ऐकते. म्हणून तो कुंडीशी बोलतो.

आणि आपण सभासद? गेल्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला, की दुरुस्ती निधी महिन्याला ७५ वरून १,००० रुपये करावा आणि आधी इमारतीची तपासणी करून घ्यावी. उपविधींत ‘किमान’ असा शब्द आहे, तेव्हा सभेला तो वाढवता येतो, हेही वाचून दाखवलं. सभागृहात अशी शांतता पसरली, की वेफर्सच्या पाकिटाचा आवाज हळूच मिटला. मग एकजण म्हणाले, “रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे बिल्डिंग, आता कशाला खर्च?” ही रीडेव्हलपमेंट गेली अकरा वर्षं ‘जाणारच’ आहे. दुसरे म्हणाले, “आमच्याकडे तर गळत नाही बुवा.” ते पहिल्या मजल्यावर राहतात. तिसऱ्यांनी विचारलं, “भाडेकरूच्या गाडीचं काय झालं?” आणि सभेला एकदम कंठ फुटला. पार्किंगवर पावणेदोन तास चर्चा झाली. माझा ठराव ‘पुढील सभेत विचारार्थ’ गेला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चेक परत आला; शेरा, ‘पुन्हा सादर करा.’

तो मी पुन्हा सादर करणार आहे. पण या वेळी वेळेचा अभ्यास करून. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, असा नियम आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांचा आपला देश. त्यामुळे सगळ्या सोसायट्यांच्या सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी भरतात. आणि त्या सुमाराला काय झालेलं असतं? पावसाचा जोर ओसरलेला असतो. भिंती सुकायला लागलेल्या असतात, आणि भिंतींबरोबर माणसांच्या आठवणीही. गळतीचा विषय निघतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं. मग “बघू पुढच्या वर्षी” म्हणायला काय जातं? गळतीचा ठराव सप्टेंबरअखेर मांडणं म्हणजे थकलेल्या कर्जाचा विषय कर्जदाराच्या घरच्या बारशात काढण्यासारखं आहे. सगळे गोडच बोलतात आणि वसुली होत नाही.

कायदा ‘सप्टेंबरच्या आत’ म्हणतो, ‘सप्टेंबरमध्येच’ म्हणत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की यापुढे वार्षिक सभा जुलैच्या तिसऱ्या रविवारी, पाऊस बघून भरवावी; आणि ती तळमजल्यावरच्या ऑफिसात न भरवता तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या बेडरूममध्ये भरवावी. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार यांना मानानं पलंगावर, उशीच्या बाजूला बसवावं. बाकीच्यांनी टप, बादल्या आणि पातेली यांच्यामधून जमेल तशी जागा करून घ्यावी. छत्री उघडायला परवानगी असावी. फक्त ती कॉफी ब्राउन रंगाची असावी, म्हणजे कोणाची हरकत येणार नाही. बाईंना मी विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, “अवश्य या. चहा मी करीन. पण प्रत्येकानं आपापला कप जरा झाकून धरा.”